दर रविवारी रात्री मारामारी: एका पिंजऱ्यातले ड्वार्फ हॅमस्टर भांडत असतील तर

आमच्याकडे भांडण व्हायचं ते रविवारी रात्री. हे लक्षात यायलाच मला दोन महिने लागले.

तर्री आणि पोहा, ही आमच्या दोन ड्वार्फ, म्हणजे छोट्या जातीच्या हॅमस्टरांची लेकीनं ठेवलेली नावं. एक तांबूस, एक पांढुरका. दोघेही नर, एकाच वेताचे भाऊ, एकाच खोक्यातून घरी आलेले. आठवडाभर एकमेकांच्या अंगावर अंग टाकून झोपायचे. सोमवारी सकाळी पाहावं तर पोह्याच्या पाठीमागचे केस उपटलेले, कानाला खरचटलेलं. बुधवारपर्यंत पुन्हा गळ्यात गळे. मी आपली 'भाऊभाऊ आहेत, चालायचंच' म्हणून गप्प. शेवटी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, भांडणाच्या तारखांवर फुली मारायला लागले. सगळ्या फुल्या एकाच रांगेत आल्या. आणि रविवारी सकाळी मी काय करत होते? पिंजरा धूत होते. साबण लावून, घासून, उन्हात वाळवून, चकाचक.

हॅमस्टरला डोळ्यांनी फार लांबचं दिसत नाही. आपलं घर कुठलं, समोरचा कोण, हे तो वासावरून ओळखतो. पोटावरच्या ग्रंथीचा वास तो जमिनीला घासत फिरतो आणि एका कोपऱ्यात ठरवून लघवी करतो, ती त्याची सातबाऱ्यावरची नोंद समजा. मी दर रविवारी तो सातबाराच कोरा करत होते. मग रात्री दोघंही नव्या जमिनीवर हक्क सांगायला उठायचे.

तेव्हापासून आमच्या नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या बिल्डिंगमध्ये हॅमस्टरांची भांडणं माझ्याकडे येतात. त्यातून जे कळलं ते लिहिते. पण तुमच्याकडे आत्ता, या क्षणी रक्त दिसत असेल तर आधी पुढचा भाग वाचा. बाकीचं नंतर.

रक्त आलं असेल तर

दोघांना वेगळं करा, पण हात घालू नका. भांडणात त्यांना बोट आणि भाऊ यातला फरक कळत नाही, आणि दात बोटात खोल जातात. एखादी जाड लग्नपत्रिका मध्ये सरकवा आणि एकावर स्टीलची मोठी वाटी उपडी घाला. मग वाटीखालून पत्रिका सरकवून त्याला उचलून घ्या. जखमी असेल त्याला बादलीत किंवा खोल डब्यात ठेवा. खाली कागदाचे तुकडे, लपायला टॉयलेट पेपरची नळी, थोडं धान्य, आणि पाण्याची बाटली लावता येत नसेल तर काकडीची चकती.

आता जखमा शोधा. वरून काही दिसत नाही, केसांखाली असतात. चावे पडतात ते पाठीच्या मागच्या भागावर, शेपटीच्या बुंध्याशी, पोटावर, लिंगाजवळ, कानांवर आणि पायांच्या बोटांवर. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा सपाट चमचा मीठ घाला, कापसाची काडी त्यात बुडवून जखम पुसा. एवढंच. हळद नको, नारळाचं तेल नको, घरातलं जंतुनाशक तर नकोच. जे लावाल ते तो चाटून पोटात घेतो, आणि त्याचं एकूण वजन वीस ते पन्नास ग्रॅम असतं.

फाटलेल्या कानाची मला भीती वाटत नाही, तो कोरडा होऊन जातो. भीती वाटते ती टाचणीएवढ्या भोकाची. वरची कातडी दोन दिवसांत मिटते, आत पू होतो, आणि तीन-चार दिवसांनी तिथं वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. ती घरी फोडायची नाही. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. तिथं किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा की ससे, गिनीपिग, हॅमस्टर कोण बघतं. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला या जिवाचा अनुभव असतोच असं नाही.

आणि एक गोष्ट दोनदा वाचा. लहान मुलांना देतात ते अमॉक्सिसिलिनचं सिरप 'थेंबभर देऊन बघू' म्हणून देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं आणि क्लिंडामायसिन हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात, घातक जंतू वाढतात आणि काही दिवसांत जुलाब होऊन तो मरतो. जखम राहते बाजूला, औषधानंच जीव जातो. हॅमस्टरला चालणारी प्रतिजैविकं वेगळी आहेत. ती डॉक्टर वजनावरून ठरवतात.

भांडण कुठलं आणि कुरबूर कुठली

चीं चीं ऐकली की भांडण, असं नसतं. एक जण वास घ्यायला येतो, दुसरा पाठीवर उताणा पडून किंचाळतो, पहिला हुंगून निघून जातो. हे ठीक आहे. मोठा कोण हे ठरलं, धाकट्यानं मान्य केलं, विषय संपला. यात तुम्ही मध्ये पडलात तर उलट निकाल लागायचा राहतो आणि उद्या पुन्हा सुरू होतं.

वाईट लक्षणं वेगळी आहेत. दोघांचा एक गोळा होऊन गडगडणं. हरलेला पळाला तरी दुसऱ्यानं पाठलाग न सोडणं. एकानं घरट्यात न झोपता चाकाखाली, कोपऱ्यात, जाळीला लटकून दिवस काढणं. दुसरा झोपल्याशिवाय त्यानं धान्याकडे न फिरकणं. या शेवटच्या प्रकारात रक्त कधीच दिसत नाही, आणि म्हणून तो सगळ्यात उशिरा कळतो. त्यावर उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. दर आठवड्याला दोघांना एका वाटीत बसवून वजन लिहा. चाळीस ग्रॅमचा हॅमस्टर छत्तीसवर आला म्हणजे चार ग्रॅम गेले असं वाचू नका. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो गेले असं वाचा.

वरच्या मजल्यावरचा मुलगा मला सांगत होता, "काकू, काही भांडत नाहीत ते. रात्रभर मस्त खेळत राह्यतात." मी म्हटलं, एक रात्र जुना मोबाईल समोर लावून ठेव, दिव्यावर लाल कागद लाव. लाल उजेड त्यांना जवळपास दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ घेऊन खाली आला, तोंड उतरलेलं. रात्री 11 ते 2, तीन तास, एक जण पाण्याच्या बाटलीच्या टोकावर चढून बसलेला आणि दुसरा खाली फेऱ्या मारतोय. "याला मी खेळणं समजलो ना जी."

मुळात ती जोडी आहे का?

आपल्याकडे हॅमस्टर 'जोडी'नं विकतात, पोपटासारखे. 'एकटा कसा राहील' म्हटलं की आपण दोन घेतो. त्या जोडीत नेमकं कोण आहे हे दुकानातही बरेचदा कोणी पाहिलेलं नसतं.

सीरियन हॅमस्टरचं चार आठवड्यांचं पिल्लू मोठ्या ड्वार्फएवढंच दिसतं. महिन्याभरात तुमच्या दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या दुप्पट झाला, शंभर ग्रॅमच्या पुढे गेला, तर तो ड्वार्फ नाही. सीरियन वयात आला की कोणाहीबरोबर राहत नाही, सख्ख्या भावाबरोबरही नाही. तिथं पुढचा कुठलाच उपाय करत बसू नका. त्याच दिवशी वेगळं. अंग लांबट आणि शेपटी चांगली दोन-तीन सेंटिमीटर दिसत असेल तर तो चायनीज हॅमस्टर. त्यालाही एकटाच ठेवलेला बरा. खरे ड्वार्फ तीन: कॅम्पबेल, पाठीवर गडद रेघेचा विंटर व्हाइट, आणि वीसेक ग्रॅमचा, डोळ्यांवर पांढऱ्या भुवया असलेला रोबोरोव्स्की. यांचं एकत्र जमू शकतं. जमेलच असं नाही. वेगवेगळ्या जातींचे दोन एकत्र ठेवले असतील तर जमण्याची आशा धरू नका.

मग नर-मादी. हातात उलटा धरून बघायला गेलात तर चावेल. पारदर्शक बरणीत बसवा आणि बरणी वर धरून खालून बघा. मागच्या दोन छिद्रांमध्ये अंतर असेल आणि शेपटीकडचा भाग फुगीर असेल तर नर. छिद्रं अगदी लागून असतील तर मादी. पिल्लू लहान असताना चूक होते, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा बघा.

ही चूक महाग पडते. आमच्या ओळखीतल्या एका घरी 'दोघी बहिणी' होत्या. एका सकाळी गुलाबी पिल्लं निघाली. गाभणकाळ साधारण अठरा ते एकवीस दिवसांचा. व्यायल्यावर मादी दुसऱ्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते, म्हणजे नर तिथंच ठेवला तर तीन आठवड्यांनी पुढची खेप तयार. शांत वाटणारी जोडी अचानक भांडायला लागली आणि मादीच नराला घरट्याबाहेर हाकलते आहे असं दिसलं, तर तिच्या पोटाकडे बघा. नर बाहेर काढा, पिल्लांना हात लावू नका, आणि तीन आठवडे झाले की नर पिल्लं वेगळी करा. ती फार लवकर वयात येतात.

भाऊ असोत की बहिणी, लहानपणी जमतंच. खरा प्रश्न दोन-तीन महिन्यांचे झाले की सुरू होतो. लोक म्हणतात, "इतके दिवस तर चांगले राहत होते!" राहत होते, कारण पोरं होती.

पिंजरा भांडण लावतो

हे प्राणी मंगोलिया आणि आसपासच्या गवताळ, वाळवंटी मुलखातले. तिथंही ते भांडतात. पण तिथं हरलेला पळून जातो, रान मोकळं आहे. पिंजऱ्यात हरलेला पळतो तो भिंतीपर्यंत. म्हणून पिंजऱ्याकडे बघताना एकच प्रश्न विचारायचा: मार खाणाऱ्याला इथून निघायला वाट आहे का?

दुकानात मिळतं ते रंगीत छपराचं प्लास्टिकचं घर या प्रश्नात नापास होतं. त्याला दार एकच. आत झोपलेल्याला बाहेरून येणारा कोंडीत पकडतो. नळ्यांचंही तेच, टोकाला बंद असलेली नळी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी गुंड उभा. आमच्याकडे याला सगळ्यात चांगला उपाय निघाला तो जुन्या घराच्या छपरावरचा. देशी कवेलू, म्हणजे मातीचं कौल. अर्धगोल, दोन्ही बाजूंनी उघडं, मातीचं म्हणून थंड, आणि चावून संपत नाही. नागपूरच्या महाल भागातली जुनी घरं उतरवतात तिथं ढिगानं पडलेली असतात. स्वच्छ घासून, उकळतं पाणी ओतून, वाळवून वापरा.

पण कवेलू दोन हवेत. मी पहिल्यांदा एकच ठेवलं होतं. मे महिन्यात, नवतपा सुरू, बाहेर पंचेचाळीसच्या पुढे, आणि अख्ख्या पिंजऱ्यात थंड जागा ती एकच. रविवार नव्हता, पिंजरा धुतला नव्हता, तरी भांडण झालं. मला दोन दिवस कळेना. गारव्याची जागा एक आणि गिऱ्हाईकं दोन, दुसरं काही नव्हतं. उन्हाळ्यात त्यांना अंगाला अंग लावून झोपायचं नसतं, हिवाळ्यात असतं. जागेचा हिशोब ऋतूप्रमाणे बदलतो.

तसंच चाकाचं. चाकं दोन, सलग पाठीची, साधारण वीस सेंटिमीटर व्यासाची. तारेच्या चाकात पाय अडकतो. पाण्याच्या बाटल्या दोन, समोरासमोरच्या भिंतींवर. धान्याला भांडंच नको. सगळीकडे पसरून टाका, म्हणजे कोणाला राखण करत बसता येत नाही. पिंजरा दोन-तीन मजली असेल तर वरचे मजले काढून टाका. मोठा वर चढून एकमेव शिडी अडवतो, आणि वरून पडून पाय मोडतो तो वेगळाच.

सफाईचं तर सांगितलंच. लघवीचा कोपरा दोन दिवसांनी काढा. बाकी भुशाचा एक तृतीयांश भाग बदला, उरलेला जुना त्यातच मिसळा. चाक आणि घर एकाच दिवशी धुऊ नका. एकाला डॉक्टरकडे नेऊन आणलं की त्याच्या अंगाला परका वास असतो; शक्य असेल तर दोघांना एकाच डब्यातून न्या आणि आणा.

भुसा म्हणून लकडगंजच्या आरागिरणीतलं पोतं आणू नका. त्यात कुठलं लाकूड आहे ते कोणी सांगू शकत नाही. साग, देवदार, चीड सगळं एकत्र, आणि तो बारीक धुरळा त्यांच्या फुप्फुसाला सोसत नाही. न छापलेल्या कागदाच्या पट्ट्या करा. थर चांगला वीतभर खोल द्या. ज्याला खणता येतं त्याला लपता येतं.

एवढं करूनही

एवढं करून कुरबूर थांबली तर उत्तम. रक्त आलेलं असेल तर मात्र माझं मत पक्कं आहे: पुन्हा एकत्र करू नका.

हे मत अनुभवातून आलंय. लेक रडली म्हणून मी तर्री-पोह्यांना तीनदा परत नांदवायचा प्रयत्न केला. भुशाची अदलाबदल केली, कपड्यांच्या मोठ्या टबात, म्हणजे दोघांच्याही नसलेल्या जागी, रोज पंधरा मिनिटं समोरासमोर सोडलं. तिसऱ्यांदा चार दिवस छान गेले. पाचव्या रात्री पोह्याच्या मांडीला जो चावा पडला त्याचीच पुढे गाठ झाली. ज्यांच्यात नुसती पळापळी झाली आहे, रक्त नाही, आणि वेगळं होऊन एक-दोन दिवसच झालेत, त्यांनी टबाचा प्रयोग एकदा करून बघावा. एकदाच. रात्रभर एकत्र सोडताना घरात कोणीतरी जागं असावं.

मध्ये जाळी लावून एकाच पिंजऱ्याचे दोन भाग करणं ही पळवाट आहे. जाळीतून पायाची बोटं चावली जातात, आणि शत्रूचा वास चोवीस तास नाकाशी राहतो. दोन स्वतंत्र खोकी हवीत, मध्ये हातभर अंतर, समोरासमोरच्या बाजूला पुठ्ठा. खर्च फार नाही. इतवारीच्या बाजारातून मोठ्यातला मोठा प्लास्टिकचा साठवणीचा डबा घ्या, झाकणाचा मधला भाग कापून तिथं लोहा ओळीतली, म्हणजे लोखंडी सामानाच्या बाजारातली, बारीक जाळी नटबोल्टनं बसवा. जाळीचं भोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठं नको. रोबोरोव्स्की कुठूनही निसटतो. मोठं म्हणजे किती, तर जर्मनीत एका हॅमस्टरला 100 बाय 50 सेंटिमीटर जमीन सांगतात. माझा डबा तेवढा नाही. 80 बाय 50 चा मिळाला, तो घेतला. दुकानातल्या ए-फोर कागदाएवढ्या पिंजऱ्यात दोन राहत होते, त्या मानानं वाडा आहे.

"एकटा उदास होईल का?" हे प्रत्येक घरात विचारतात, आणि मुलांपेक्षा मोठेच जास्त. वेगळं केल्यावर पोहा दोन दिवस नुसता झोपला. मला वाटलं, आठवण येते आहे. मग तिसऱ्या रात्री चाकाचा आवाज सुरू झाला तो पहाटेपर्यंत थांबला नाही. पंधरा दिवसांत वजन पाच ग्रॅमनं वाढलं. तो झोपलाच नव्हता इतके महिने.

वेगळं केल्यावर दोन गोष्टी बदलतात, त्या नागपुरात विशेष. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास येतो, आणि आता ऊब द्यायला शेजारी नाही. कागद दुप्पट द्या, डबा खिडकीपासून आत घ्या. सकाळी हॅमस्टर गार, ताठ, निपचित दिसला तर लगेच मातीत पुरायला नेऊ नका. थंडीनं गुंगीत गेलेला असू शकतो. तळहातात धरून, खोली उबदार करून अर्धा-पाऊण तास थांबा; मिशा हलतात का बघा. उन्हाळ्यात उलटं: तिशीच्या वर त्यांना त्रास सुरू होतो. कूलर चालू ठेवा पण झोत डब्यावर नको, आणि वीज गेली तर फ्रीजरमधली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याला बाहेरून टेकवा. दोन डबे, म्हणजे बाटल्याही दोन.

एकाला हाताळून लगेच दुसऱ्याला हात लावू नका, मध्ये हात धुवा. नाहीतर भावाचा वास आला म्हणून चावा तुम्हाला बसेल. मला बसला आहे.

वरच्या मजल्यावरच्या मुलानं गेल्या आठवड्यात दुसरा डबा आणला. एक कवेलू माझ्याकडून नेलं, दुसरं त्यानं त्याच्या आजीच्या घरून आणलं. जाळी कापायला पत्र्याची कात्रीही माझीच नेली आहे. ती अजून परत आलेली नाही.